म्हातारा वाट दाखवतो, म्हातारी काय करते? फँटसीतल्या पात्रांचं लिंग उलटवून वाचताना

उलटा_चष्मा

फँटसीतला नायक बाई केला तर, असा विषय निघाला की चर्चा चौथ्या प्रतिसादात 'बाईला तलवार पेलेल का' यावर घसरते आणि तिथेच संपते. या धाग्यात ते जरा बाजूला ठेवू. प्रसंग तोच, वाक्यं तीच, फक्त पात्रांचं लिंग उलटवलं, तर वाचणाऱ्याच्या डोक्यात नेमकं कुठे काय हलतं ते पाहायचं आहे. शक्यतो वाक्यावर बोट ठेवून बोला.

नमुना :

*म्हातारा दाराशी बसला होता. त्याने वाटसरूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रात्री इथेच राहा," तो म्हणाला. "पहाटे जंगलातली वाट दाखवतो."*

'वाटसरूला' या रूपावरून वाटसरू बाई की पुरुष ते कळत नाही. ते आधीच्या परिच्छेदात कळलंय असं धरा. आता चार जोड्या होतात.

म्हातारा आणि तरुण. हा गुरू किंवा वाटाड्या. न्याहाळणं म्हणजे पारख. वाचक सकाळची वाट बघतो.

म्हातारी आणि तरुण. लिंगाच्या खुणा तेवढ्या बदलल्या ('बसला होता'चं 'बसली होती', 'दाखवतो'चं 'दाखवते'), बाकी अक्षर हललं नाही. तरी वाचक आता तिच्या घरात चुलीवर काय शिजतंय ते शोधायला लागतो.

म्हातारा आणि तरुणी. 'न्याहाळलं' एकदम जड होतं, आणि 'इथेच'मधला 'च' टोचतो. पहिल्या जोडीत हाच 'च' आग्रहाचा होता.

म्हातारी आणि तरुणी. इथे वाचक दुभंगतो. काहींना वारसा दिसतो, म्हणजे म्हातारी आपली विद्या हिला देणार. काहींना सौदा दिसतो, म्हणजे हिचं तारुण्य काढून घेणार.

आता 'न्याहाळलं'च्या जागी 'पाहिलं' ठेवा आणि चारही पुन्हा वाचा. तिसऱ्या जोडीतला धोका निम्म्यावर येतो, पहिलीत काहीच फरक पडत नाही. म्हणजे धोका नुसता शब्दात नव्हता आणि नुसता जोडीतही नव्हता. दोन्ही एकत्र आले तेव्हा तो तयार झाला.

रिकामटेकडा

पहिल्या जोडीतला म्हातारा पहाटे खरंच वाट दाखवणार आहे असं सगळ्यांनी धरूनच टाकलं की. कथेत तसं कुठे लिहिलंय?

उलटा_चष्मा

कुठेच नाही. लबाड वाटाड्याची कथा लिहिणाऱ्याला पहिली जोडी सगळ्यात सोयीची, कारण संशय यायला वाचकाला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

अनुस्वार

मराठीत हा खेळ इंग्रजीपेक्षा अवघड आहे आणि जास्त मजेचाही, कारण आपलं क्रियापद काही वेळा लिंग सांगतं आणि काही वेळा साफ झाकतं.

सांगतं ते अकर्मक भूतकाळात (निघाला, निघाली), वर्तमानात (जातो, जाते) आणि समोरच्याशी बोलताना (आलास, आलीस).

झाकतं ते सकर्मक भूतकाळात. 'मी तलवार उपसली' यातला 'ली' तलवारीचा आहे, बोलणाऱ्याचा नाही. 'मी किल्ला घेतला' हे वाक्य राणीचंही असू शकतं. भविष्यकाळही झाकतो, 'मी जाईन'. आणि 'मला'ची सगळी वाक्यं झाकतात : मला भीती वाटली, मला राग आला, मला परत फिरायचं होतं. आदरार्थी बहुवचनात 'त्यांनी आज्ञा दिली', 'त्यांचा घोडा', 'त्यांना कळलं' इथे राजा की राणी पत्ता लागत नाही. 'ते उठले' किंवा 'त्या उठल्या' म्हटलं की लगेच लागतो.

थोडे अपवाद ध्यानात ठेवा. म्हणणे, बोलणे, विसरणे, शिकणे, पिणे ही क्रियापदं कर्म असलं तरी कर्त्यामागे जातात. तो मंत्र विसरला, ती मंत्र विसरली. 'जिंकणे' दोन्हीकडे जातं : 'तो लढाई जिंकला' आणि 'त्याने लढाई जिंकली' दोन्ही चालतं.

याचा परिणाम असा, की प्रथमपुरुषी मराठी कथेत पात्राचं चालणं-बोलणं लिंग उघड करतं आणि मनातलं बरंचसं झाकलेलं राहतं. हा परिच्छेद बघा :

*दार मीच उघडलं. पायऱ्या मोजल्या, ११२ भरल्या. खालून पाण्याचा आवाज येत होता. मशाल विझली तेव्हा मला भीती वाटायला हवी होती, पण हसू फुटलं. तलवार म्यानातून अर्धी ओढली आणि तशीच राहू दिली.*

लिंगाची एकही खूण नाही. पुढचं वाक्य 'मी शेवटची पायरी उतरलो' किंवा 'उतरले' असं लिहा. एका कान्याने मागच्या पाचही वाक्यांचं वाचन फिरतं. 'उतरलो' आलं की ते हसू बेफिकिरीचं वाटतं. 'उतरले' आलं की पुष्कळांना त्यात वेडाची छटा दिसते, किंवा हिने हे ठिकाण आधी पाहिलंय असं वाटतं. पायऱ्या मोजणं तिकडे युद्धाची सवय होतं, इकडे सावधपणा.

शून्य_एक

जोडीला तांत्रिक बाजू. 'फाइंड-रिप्लेस करून टाका' असा सल्ला कोणी देण्याआधीच सांगतो, मराठीत ते चालणार नाही.

इंग्रजीत ते बरंचसं चालतं. कॅरी फ्रान्समन आणि जोनाथन प्लॅकेट यांनी २०२० साली जुन्या परीकथांचं असं पुस्तक काढलं. त्यात लिंगदर्शक शब्दांची अदलाबदल संगणकाच्या प्रोग्रामने केली आणि कथा तशाच ठेवल्या. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसल्यामुळे हे जमतं. तिथली मुख्य अडचण 'हर'ची, त्याचा 'हिज' करायचा की 'हिम' हे वाक्य बघून ठरवावं लागतं.

आपल्याकडे काय होतं ते बघा.

'त्याने' पुल्लिंगी आहे आणि नपुंसकलिंगीही. 'ड्रॅगनचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. त्याने डोळे उघडले.' यातल्या 'त्याने'चं 'तिने' केलं की पिल्लू वाऱ्यावर आणि डोळे प्रसंगातल्या राजकुमारीचे.

'ती' स्त्रीलिंगी एकवचन आहे तसंच नपुंसकलिंगी अनेकवचनही आहे, 'ती पोरं'. शिवाय 'ती तलवार', 'तो बुरूज' यातले ती-तो माणसांचे नाहीतच.

'आले' तर तीन ठिकाणी नोकरी करतं. मी आले (बाई), ते आले (पुरुष, आदरार्थी किंवा अनेक), मूल आले (ग्रांथिक मराठीत). एक बदलायला जाल तर बाकीचे दोन बिघडतील.

एक गोष्ट मात्र फुकटात सुटते. विभक्ती लागली की विशेषण सारखंच होतं : धाकट्या भावाने, धाकट्या बहिणीने. तिथे नामापुरता बदल पुरतो.

म्हणून हे काम हातानेच करायचं. आधी प्रसंगातल्या प्रत्येक सर्वनामाच्या डोक्यावर ते कोणाचं आहे त्याचं अक्षर लिहा (राजकुमारीचं रा, म्हाताऱ्याचं म्हा, पिल्लाचं पि), मग एका वेळी एकच अक्षर हाताळा. दोन पात्रं एकदम उलटवायला घेतलीत तर तिसऱ्या परिच्छेदापासून 'तिने तिचा हात झटकला' असली वाक्यं होतात आणि हात कोणाचा ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्याला उपाय म्हणजे एकीचं नाव किंवा 'स्वतःचा/आपला' वापरणं. 'तिने आपला हात झटकला' म्हटलं की तिचाच.

पानगळ

संपादनात वापरायची पद्धत देते. अख्खी कथा घेऊ नका. ८०० ते १००० शब्दांचा असा एक प्रसंग घ्या ज्यात निदान दोघांना एकमेकांकडून काहीतरी हवंय. नुसत्या वर्णनाच्या प्रसंगातून काही हाती लागत नाही.

मग काय उलटवायचं ते ठरवा. एकच पात्र उलटवलं तर त्या भूमिकेविषयी कळतं. जोडी उलटवली तर त्या नात्याविषयी कळतं. सरसकट सगळी उलटवली तर कथेतल्या जगाचे कायदे दिसतात : गादी कोणाला, शपथ कोणाची धरतात, जादू शिकायला कोणाला पाठवतात. हे तीन वेगळे प्रयोग आहेत. एकाचा निष्कर्ष दुसऱ्यावर लादला की भांडणं होतात.

पहिल्या फेरीत कृती, संवाद, वाक्यांचा क्रम यातलं काहीही बदलायचं नाही. फक्त लिंग. पण जिथे बदलावंसं *वाटतं* तिथे समासात खूण करायची. खुणांचे तीन रंग ठेवा. व्याकरण अडलं तर एक, शब्दच बसत नसेल तर दुसरा, घटनाच तर्काला धरून राहत नसेल तर तिसरा. दुसऱ्या फेरीत फक्त तिसरा रंग दुरुस्त करायचा. दुसऱ्या रंगाला घाईने हात लावू नका, सगळा ऐवज तिथेच असतो.

सगळ्यात जास्त वेळा येणारी चूक आता. नायक बाई केला की पहिल्या पानावर हे वाक्य आपोआप उगवतं : 'तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी तिला तलवार शिकवली.' मूळ मसुद्यात नायकाला तलवार का येते याचं कारण कोणी दिलं होतं का? तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला तलवार येत होती, संपलं. अशा वाक्यांपुढे 'कारण' असं लिहा आणि ती काढून प्रसंग पुन्हा वाचा. प्रसंग उभा राहिला तर ते वाक्य वाचकासाठी नव्हतंच, लिहिणाऱ्याने स्वतःची समजूत घातली होती. प्रसंग कोसळला तर त्या जगाचे कायदे अजून ठरलेले नाहीत. ते ठरवा, पण वडिलांच्या तोंडून सांगू नका.

वाचून घेताना एकाच माणसाला दोन्ही आवृत्त्या देऊ नका. दुसरी वाचताना तो फरक शोधायला लागतो. दोन-तीन जणांना मूळ, दोन-तीन जणांना उलटलेली, आणि सगळ्यांना तेच पाच प्रश्न : पात्राचं वय किती वाटलं? त्याला काय हवंय? तुम्ही कोणावर विश्वास ठेवलात? कोण कोणाला घाबरतंय? पुढच्या पानावर काय होईल? 'आवडलं का' हे विचारू नका, त्यातून काही कळत नाही. वयाचा प्रश्न साधा दिसतो, पण उत्तरं तिथेच सगळ्यात जास्त हलतात.

त्रिशंकू

पद्धत झकास, पण मुळातच एक शंका आहे. हा सगळा प्रकार 'बाईच्या नावाखाली पुरुष' लिहिण्याकडे जात नाही का? नायकाची सगळी वाक्यं नायिकेला दिली म्हणजे नायिका झाली असं थोडंच आहे.

आणि आपल्या कथांना लिंगबदल काही नवा नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वातला भंगास्वन राजा सरोवरात उतरतो आणि बाई होऊन बाहेर येतो. त्याला पुरुष असताना शंभर मुलगे झालेले, बाई झाल्यावर आणखी शंभर. सगळे मेल्यावर इंद्र विचारतो, यातले कोणते शंभर जिवंत करू? तो बाईपणी झालेले मागतो, आणि पुन्हा पुरुष व्हायलाही नकार देतो. या कथेला उलटवायचं म्हणजे काय करायचं?

उलटा_चष्मा

दोन्ही मुद्दे रास्त.

पहिल्याबद्दल : उलटलेला मसुदा ही कथा नव्हेच, तो एक्स-रे आहे. तो छापायचा नसतो. त्यावरून मूळ मसुद्यात काय कुठे टेकू देऊन उभं आहे ते कळतं, मग लिहायचं ते नव्याने.

दुसऱ्याबद्दल : भंगास्वनाच्या कथेत बदल कथेच्या *आत* होतो. पात्रालाही माहीत, वाचकालाही माहीत, आणि इंद्राच्या प्रश्नाला धार येते ती दोन्ही आयुष्यं एकाच देहाने जगल्यामुळे. आपल्या प्रयोगात दोन्ही आवृत्त्या फक्त लेखकाकडे असतात. पात्राला तर आपण कधी काळी दुसरं कोणी होतो याचा पत्ताच नाही.

त्रिशंकू

मान्य. मग यावरून एक भर घालतो. उलटवताना प्रत्येक लिंगखुणेला विचारावं, ही शोभेची आहे, रूढीची आहे की कुलपाची?

शोभेची म्हणजे काढली तरी काही होत नाही. सरायवाला की सरायवाली, कोणी का असेना. रूढीची म्हणजे जगाचा कायदा थोडा वाकवला की चालून जातं. कुलपाची म्हणजे कथानकच तिच्यावर बंद होतं. शिखंडी घ्या. जो आधी स्त्री होता त्याच्यावर बाण टाकणार नाही ही भीष्माची भूमिका, म्हणून अर्जुनाच्या रथापुढे शिखंडी. इथे लिंग उलटवलं की दहाव्या दिवसाचं युद्धच होत नाही.

महिषासुराच्या प्रचलित कथेचंही तेच. पुरुषाच्या हातून मरण नको एवढंच तो मागतो, बाईला तो मोजतच नाही. हे सरसकट उलटवून बघा : एक राक्षसीण वर मागते, स्त्रीच्या हातून मरण नको. वाचक लगेच म्हणणार, अगं, आणि पुरुषांचं काय? मूळ कथेत वाचकाला ही फट खटकत नाही, कारण असुराचा हिशेब त्याला ओळखीचा असतो. उलट्या कथेत तोच हिशेब पटवायला आधी अख्खं जग बांधावं लागेल, जिथे पुरुषाने शस्त्र धरणं कोणाच्या स्वप्नातही येत नाही. निदान तीन-चार प्रसंगांचं काम आहे ते. एका वाक्यात उरकलंत तर वर देणारा देव आणि मागणारी राक्षसीण दोघंही बावळट दिसतील.

कोरांटी

शस्त्रांवर घसरायचं नाही असं ठरलंय, पण एक घोडचूक इतकी सर्रास होते की सांगायलाच हवी. नायक बाई केला की लेखक तिच्या हातातली तलवार काढून धनुष्य देतात, का तर ते हलकं. ताकदीचा हिशेब नेमका उलटा आहे. एका हाताने चालवायची मध्ययुगीन युरोपी तलवार साधारण सव्वा किलोच्या आसपास असते. युद्धातलं लांब धनुष्य ओढणं हे मात्र राक्षसी काम. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज जहाजावर सापडलेल्या धनुष्यांचा ताण अंदाजे १०० ते १८५ पौंड धरतात, म्हणजे दर बाणाला ४५ ते ८४ किलोंची ओढ. पात्र किरकोळ अंगाचं ठेवायचं असेल तर तलवार तिच्याकडेच राहू द्या. धनुष्य द्यायचंच असेल तर खांदे आणि पाठ रुंद लिहा आणि लहानपणापासूनचा सराव दाखवा, नायक असो की नायिका.

चिलखताचंही तसंच. छातीवर दोन उंचवटे घडवलेलं चिलखत चित्रात दिसतं, पण वार त्या उतारावरून घसरून मधोमध छातीच्या हाडावर येतो. चांगल्या चिलखताचा आकार वार बाहेर घसरवणारा असतो.

आणि वाचनच बदलण्याचं माझ्या मते सगळ्यात लख्ख उदाहरण कथेतलं नाही, उत्खननातलं आहे. स्वीडनमध्ये बिर्का इथे १८७८ साली एक कबर खणली. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे, पटावरच्या सोंगट्या. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ती योद्ध्याची कबर म्हणून बिनतक्रार वाचली गेली. २०१७ साली डीएनएवरून सांगाडा स्त्रीचा ठरला. वस्तू त्याच, मांडणी तीच. पण प्रश्न नवे निघाले : शस्त्रं खरंच हिची का? नुसती मानाची म्हणून ठेवली असतील का? हे प्रश्न चुकीचे आहेत असं नाही. ते १८७८ लाही विचारता आले असते, इतकंच.

रिकामटेकडा

म्हणजे पानगळ म्हणतात ते 'कारण' कबरीतही शोधतात.

उलटा_चष्मा

छापील उदाहरणं दोनच देतो, दोन्ही लेखिकांनी आपल्याच लेखनावर केलेली.

स्टेफनी मेयर यांनी २००५ च्या आपल्या व्हॅम्पायर कादंबरीची २०१५ साली उलटी आवृत्ती काढली. जवळजवळ सगळी पात्रं उलटली, पण मुख्य पात्राचे आई-बाप तसेच ठेवले. कारण तान्ह्या मुलाचा ताबा त्या काळात बापाला मिळणं दुर्मिळ होतं, उलटवलं असतं तर पटलं नसतं. म्हणजे व्हॅम्पायर चालले, कौटुंबिक न्यायालय आडवं आलं! शेवटही त्यांनी बदलला.

दुसरं उर्सुला ले ग्विन यांचं. कायम स्त्री किंवा कायम पुरुष असं ज्यांच्यात कोणीच नसतं अशा माणसांच्या ग्रहाबद्दल त्यांनी १९६९ मध्ये कादंबरी लिहिली आणि सगळ्यांना 'ही' (he) हे इंग्रजी पुल्लिंगी सर्वनाम लावलं. त्याच ग्रहावरची एक कथा १९७५ च्या संग्रहात घेताना त्यांनी सगळी सर्वनामं 'शी' (she) केली आणि 'राजा' ही पदवी मात्र तशीच ठेवली. मराठीत हे करायचं तर 'राजा उठली, राजाने मुकुट काढला आणि ती खिडकीशी गेली' असं लिहावं लागेल. 'राजा उठली'ला प्रत्येक वेळी ठेच लागते. इंग्रजीत सर्वनामापुरती लागते, आपल्याकडे क्रियापदागणिक. लेखकाला ठेचच हवी असेल तर उत्तम, नको असेल तर अनुस्वार यांनी सांगितलेली 'त्यांनी'ची वाट धरावी.

पानगळ

दुसऱ्या रंगाबद्दल, म्हणजे शब्द न बसण्याबद्दल थोडं सविस्तर.

मराठीत जोडशब्द आहेत, पण वजनं सारखी नाहीत. मांत्रिकाचं स्त्रीलिंग चेटकीण नव्हे. मांत्रिकाकडे लोक काम घेऊन जातात, चेटकिणीपासून पळतात. 'राजा' म्हटलं की राज्य करणारा, 'राणी' म्हटलं की आधी राजाची बायको. राज्य करणारी म्हणायला 'राज्य राणीचं होतं' असं वेगळं वाक्य खर्चावं लागतं. गुरुमाता म्हणजे गुरूची पत्नी, शिकवणारी नव्हे. योद्ध्याला रोजच्या वापरातलं स्त्रीलिंग नाही. 'वीरांगना' आहे, पण तो सत्कारसमारंभातला शब्द, चिखलात उभ्या असलेल्या, दमलेल्या बाईला तो शोभत नाही. 'योद्धा होती ती' असं सरळ लिहिलेलं बरं. राजकुमाराला 'राजकन्या' ठेवलीत तर ती कोणाची तरी कन्या होते. 'राजकुमारी' ठेवा.

संवादाची क्रियापदंही तपासा. राजा गरजतो, राणी किंचाळते. राजा कडाडतो, राणी फणकारते. मूळ मसुद्यात 'गरजला' असेल तर उलट्या मसुद्यात 'गरजली' हेच लिहा. कानाला खटकलं तरी पहिल्या फेरीत बदलू नका. दोन-तीनदा आलं की कान सरावतो.

आणि गर्दी! नायिका केली, खलनायिका केली, पण पहारेकरी, नावाडी, सरायवाले, सैनिक सगळे पुरुषच राहतात, कारण 'दोन पहारेकरी उभे होते' हे वाक्य लिंग ठरवून लिहिलेलंच नसतं. बिननावाच्या बोलणाऱ्या पात्रांची यादी काढा. 'दोघी पहारेकरी उभ्या होत्या' एवढं एकदा लिहिलं की त्या जगात बाईने भाला धरणं नवलाचं नाही हे कळतं, आणि वर सांगितलेलं वडिलांचं वाक्य आपोआप अनावश्यक ठरतं. दोघे, दोघी, दोघं यातलं 'दोघं' एक बाई आणि एक पुरुष असेल तर. तेही हाताशी ठेवा.

अनुस्वार

सगळ्यात छोटा सराव हवा असेल तर चिमणी-कावळा. चिमणी बाई आणि कावळा पुरुष हे शब्दांच्या लिंगावरून आलंय, पक्ष्यांशी त्याचा संबंध नाही. आता चिमणा आणि कावळी करा. कावळीचं घर शेणाचं, पावसात वाहून गेलं. ती भिजत दाराशी येते, 'दार उघड' म्हणते. आत चिमणा 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालतो' म्हणत बसतो. मूळ कथेत चिमणीचं थांबवणं म्हणजे शहाणी गृहिणी सावध आहे, कावळ्याची चूक कावळ्याने भोगावी. उलट्या कथेत बाहेर बाई भिजतेय आणि आत बाप बाळाला तीट लावतोय. तो एक तर निर्दयी वाटतो, नाहीतर विनोदी. सावध मात्र कोणाला वाटत नाही.

त्रिशंकू

कुलपांवरून आठवलं. टोल्किन यांच्या १९५५ सालच्या 'द रिटर्न ऑफ द किंग'मध्ये एका खलनायकाला 'मॅन'च्या हातून मरण नाही या भविष्यवाणीची गाठ 'मॅन' या शब्दावर आहे, कारण त्याचा अर्थ माणूस आणि पुरुष दोन्ही. मारणाऱ्यांत एक बाई आहे आणि एक हॉबिट (टोल्किन यांच्या कथांतल्या बुटक्या जमातीतला), त्यामुळे शब्दाच्या दोन्ही अर्थांतून फट निघते. मराठीत काय करणार? 'पुरुषाच्या हातून मरण नाही' म्हटलं की फट पहिल्याच दिवशी उघडी. 'माणसाच्या हातून' म्हटलं तर बाईसुद्धा माणूसच, फट बंद. 'वीराच्या हातून' मधलं वाटतं, पण पोथीतलं.

रिकामटेकडा

'मला हरवणारा अजून जन्माला यायचाय.'

सगळेच असं म्हणतात. कोणाचं लक्ष जाणार नाही. शेवटच्या प्रसंगात ती फक्त प्रत्यय दुरुस्त करते : 'हरवणारा ना? मग मी हरवणारी.'

त्रिशंकू

वा. धागा वसूल. फक्त तिच्या तोंडी एवढं व्याकरण घालू नका, 'हरवणारी' हा एक शब्द पुरे.

पानगळ

आता हे उलटवून बघा. खलनायिका म्हणते, 'मला हरवणारी अजून जन्माला यायची आहे.' वाचक तिथेच थांबतो. 'हरवणारी' का म्हणाली? हिला बाईचीच भीती का? पुल्लिंगी प्रत्यय सरसकट माणसाचा समजून कान सोडून देतो, स्त्रीलिंगी प्रत्यय मुद्दाम टाकलेला वाटतो. म्हणजे ही फट मराठीत एकाच दिशेने लपते. खलनायिका आणि नायक अशी जोडी असेल तर ही युक्ती वापरूच नका, पहिल्या पानावर फुटेल.

अनुस्वार

तिच्या तोंडी 'मला हरवेल असं कुणी जन्मलंय का अजून?' द्या. 'कुणी'मागे नपुंसकलिंग, कोणाचंच नाव नाही. भविष्यवाणी म्हणून कामाची नाही, दर्पोक्ती म्हणून फर्मास.